मधली पिशवी

“हे वाक्य तुमचंच ना, मॅडम?” उद्यान अधीक्षकांनी अहवाल उघडून टेबलावरून पुढे सरकवला. एका वाक्याखाली पेनाने रेघ ओढलेली होती. ‘तळ्याकाठच्या कोपऱ्यात स्त्रिया एकट्या बसत नाहीत.’

“माझंच,” बाई म्हणाल्या.

“झालं तर मग. आम्ही तिथला बाकच काढतोय. कुंड्या ठेवू, कुंपण घालू. तज्ज्ञ म्हणून तुमची सही झाली की काम सुरू.”

बाई विद्यापीठात शहराचा अभ्यास शिकवत. रस्ते, बागा, बसथांबे कुणाच्या वाट्याला येतात आणि तिथून कुणाला हुसकावलं जातं, हा त्यांचा विषय. दरवर्षी नव्या वर्गाला पहिलं काम एकच असे. बागेतल्या बाकावर तासभर नुसतं बसायचं, हातात फोन नको, पुस्तक नको, पिशवी नको. मुलगे एक डुलकी काढून परत येत. मुली चिडून येत. प्रत्येकीला कुणी ना कुणी विचारलेलं असे, ‘कुणाची वाट बघताय?’ बाईंचं सगळं शास्त्र या प्रश्नावर उभं होतं. वर्गातल्या वात्रटांनी त्यांचं नाव ‘बाकवाल्या बाई’ ठेवलं होतं. बाईंना ते मनातून आवडायचं, पण तसं दाखवलं असतं तर वर्ग डोक्यावर बसला असता.

“मी तिथे दिवा लावा असं लिहिलंय. पुढच्याच ओळीत आहे.”

“दिवा लावून काय होणार? तिथे कोण कोण बसतं, तुम्हाला माहितीय. कॉलेजच्या जोड्या. तृतीयपंथी. ते कपड्यांच्या दुकानातले दोघं, हातात हात घालून. चांगल्या घरच्या बायका कशा येणार?”

“मी बसते तिथे.”

“तुमचं वेगळं हो. तुम्ही अभ्यासासाठी बसता.”

अधीक्षक वाईट मनाचे नव्हते. त्यांनी बाईंसाठी पळवाट मोकळी ठेवली होती, वर चहाही मागवला होता. बाई आयुष्यभर याच पळवाटेने जात आल्या होत्या. पुस्तकं लिहिली, परिषदा गाजवल्या, लोकांच्या प्रेमाची बाजू घेऊन भांडल्या, आणि स्वतःचा विषय निघाला की मूग गिळून बसल्या. आज मात्र त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्या चहाचाही राग आला.

“अभ्यासासाठी नाही. माझ्या जोडीदाराबरोबर बसते,” त्या म्हणाल्या. “आम्हाला घर नव्हतं तेव्हापासून. ती बाईच आहे. सही मिळणार नाही.”

अधीक्षकांनी पंख्याकडे पाहिलं, मग अहवाल मिटला. “काम सहीवाचूनही होतं, मॅडम. तुमचं नाव असतं तर बरं दिसलं असतं, इतकंच.”

घरी सिस्टर कांदा चिरत होत्या. उभी हयात रुग्णालयात नर्स म्हणून गेलेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही सगळ्यांच्या त्या सिस्टरच राहिल्या होत्या. बाईंचा भाऊ मात्र फोनवर अजून ‘तुझी रूममेट काय म्हणते?’ असंच विचारायचा. त्याची नातवंडं शाळेत जायला लागली, तरी बहिणीच्या रूममेटला त्याच्या लेखी दुसरी खोली मिळालेली नव्हती.

बाकावर जाताना सिस्टर न चुकता कापडी पिशवी घेत, घरात कांदे-बटाटे भरपूर असले तरी. पिशवी दोघींच्या मध्ये ठेवायची. बघणाऱ्याला वाटावं, बाजारातून येताना दोन बाया जरा टेकल्या आहेत. वर्गातल्या मुलींना पिशवीची बंदी करणाऱ्या बाई सिस्टरना मात्र तिच्याबद्दल एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

“मी सांगून आले त्यांना,” बाई म्हणाल्या.

“काय सांगून आलीस?”

“आपलं.” मग त्यांनी सगळं सांगितलं, चांगल्या घरच्या बायकांसकट.

सुरी थांबली. “मला विचारलंस?”

“तुझं नाव नाही घेतलं.”

“घ्यायला कशाला हवं? माळी मला ओळखतो. औषधाच्या दुकानातला ओळखतो. तू भाषण ठोकून मोकळी होतेस, तोंड चुकवत फिरायचं मी.”

“चुकलंच माझं. आधी विचारायला हवं होतं.” बाई खाली बघत म्हणाल्या. “पण बोललेलं मागे घेणार नाही.”

“घे म्हटलं का मी?”

त्यानंतर सिस्टरनी बाईंचं ताट टेबलावर ठेवलं आणि स्वतः त्या ओट्यापाशी उभ्यानेच जेवल्या. बाईंना भीती वाटली, एका वाक्यापायी बाकही जाईल आणि घरातलं हे माणूसही तुटेल.

बाक खरंच गेला. औषधं आणायला गेलेल्या सिस्टर एका सकाळी धापा टाकत परत आल्या आणि चपलाही न काढता दारातच उभ्या राहिल्या.

“नुसते खड्डे ठेवलेत मेल्यांनी,” त्या म्हणाल्या. “तुझी आई गेली आणि तुला कुणी कळवलं नाही, तेव्हा तू तिथेच बसून रडत होतीस. मला तुझा हात धरायचा होता. मध्ये पिशवी होती आणि समोर लोक होते. नाही धरला मी. त्याचं मला अजून वाईट वाटतं.”

सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची काखोटीला मारून आल्या.

“बघतेस काय? दुसरी उचल.”

भर सकाळी दोघी खुर्च्या घेऊन रस्त्याने निघाल्या. सिस्टरचे गुडघे कुरकुरत होते. औषधाच्या दुकानातला काउंटरवरून वाकून बघत राहिला. सिस्टरनी तोंड चुकवलं नाही, उलट त्यालाच विचारलं, “काय, बरंय ना?”

तळ्याकाठी कुंड्या अजून आल्या नव्हत्या. बुजवायच्या राहिलेल्या खड्ड्यांपाशी त्यांनी खुर्च्या मांडल्या. थोड्याच वेळात बागेचा रखवालदार आला.

“ताई, कुणाची वाट बघताय?”

बाईंनी तोंड उघडलं, पण सिस्टर आधी बोलल्या. “कुणाची नाही. बसलोय.”

“खुर्च्या आणायला परवानगी नाही इथे.”

“मग बाक आणा.”

“मला साहेबांना फोन करावा लागेल.”

“करा की. त्यांना म्हणावं, चांगल्या घरच्या बायका आल्यात.”

रखवालदार फोन काढत बाजूला गेला. सिस्टर उठल्या, आपली खुर्ची उचलून त्यांनी बाईंच्या खुर्चीला अगदी चिकटवून ठेवली, आणि बसून बाईंचा हात हातात घेतला. पिशवी स्वयंपाकघरात खुंटीलाच राहिली होती.