बरोबर तेवीस किलो

विमानतळावर मास्तरीणबाईंची बॅग काट्यावर चढली, लाल आकडे दोनदा लुकलुकले आणि बत्तीसवर येऊन थांबले. काटेमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"शक्यच नाही," ते म्हणाले. "हिची बॅग मी स्वतः मोजलीय. काल दुपारी. तेवीस."

"आता बत्तीस आहे, काका," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "नऊ किलो जास्त."

"मग तुमचा काटा चुकतोय."

बाईंनी डोळे मिटून घेतले. आता हा माणूस वाकून काट्याखाली बघणार, आणि मास्तर वाकलेच. चाळीस वर्षं बाजारातले वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली होती त्यांची. किराणावाल्यापासून सोनारापर्यंत सगळे त्यांना टरकून असत. पाच ग्रॅमची लबाडी दिसली की मास्तर काटा उचलून आपल्या गाळ्यात आणायचे आणि दुकानदाराला दोन दिवस हेलपाटे घालायला लावायचे. त्यांना नावाने हाक मारणारं बाजारात कुणी उरलं नव्हतं, आणि लग्न होऊन आल्या दिवसापासून बाईही मास्तरीणबाईच झाल्या होत्या.

काटा अर्थातच बरोबर होता. लबाडी बाईंची होती. मास्तरांनी बजावलं होतं, "माझी बॅग मी भरणार, तू हात लावायचा नाहीस." पण हा माणूस कशी बॅग भरतो ते बाईंना पक्कं माहीत होतं. पुतण्याच्या लग्नाला यांनी चार शर्ट नेले होते आणि पँट एकही नाही. म्हणून सकाळी मास्तर अंघोळीला गेल्यावर बाईंनी त्यांचे दोन जाड स्वेटर, बूट, कानटोपी, घोंगडी, औषधांचा डबा आणि पाय टेकायचं बुटकं स्टूल आपल्या बॅगेत कोंबलं होतं. चार-दोन किलोंकडे कोण बघतंय, असं त्यांना वाटलं होतं. चाळीस वर्षं काटेवाल्याशी संसार करूनसुद्धा असं वाटलं होतं, म्हणजे कमालच.

जायचं मात्र आजच होतं. परदेशातल्या लेकीने दोन वर्षं खटपट करून दोघांचे कागद केले होते, कायमचं राहायला येण्याचे. आता तिला जुळं होणार होतं आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायला मनाई केली होती. रोज फोनवर ती एकच विचारायची, "आई, निघालात का?"

"काकांच्या बॅगेत जागा असेल तर त्यात टाका ना," मुलगी म्हणाली.

"माझी भरलेली आहे."

"ठेवा तरी काट्यावर."

मास्तरांनी नाइलाजाने बॅग उचलून ठेवली. तेवीस. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. मुलगी हसली. "इतकी बरोबर तेवीस मी पहिल्यांदाच बघतेय!"

एरवी मास्तरांची छाती फुगली असती. पुढचं वर्षभर त्यांनी ही गोष्ट भेटेल त्याला ऐकवली असती. आज ते नुसते बुटांकडे बघत राहिले, आणि बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

मुलीने दोघांना कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाठवलं. ज्यांचं सामान जास्त होतं त्यांना मदत करायला तिथे एक जाडजूड बाई बसवलेली होती. कमरेला कात्री, मनगटात बांगडीसारखं चिकटपट्टीचं रीळ.

"दोन्ही बॅगा उघडा," ती म्हणाली. "एकच उघडली की माणसं रडत बसतात. दोन उघडल्या की भांडतात. भांडणारे लवकर आटपतात."

"माझी नाही उघडायची," मास्तर म्हणाले. "किल्ली हरवलीय."

"हरवली? अहो, मला सांगायचं ना." बाईंनी पर्समधून जुडगा काढला. घरातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. मास्तरांनी हात पुढे केला, पण तोवर कुलूप निघालं होतं.

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले गठ्ठे होते. बाईंना आधी वाटलं, बरण्या असतील. लेकीसाठी काहीतरी घेतलं असेल गुपचूप, म्हणूनच हात लावू देत नव्हते. त्यांना हसूसुद्धा आलं. त्यांनी पहिला गठ्ठा सोडला.

पाच किलोचं लोखंडी वजन.

दुसऱ्यातही पाच. तिसऱ्यातही. मग एक दोन किलोचं, मग एकेक किलोची दोन. एकोणीस किलो लोखंड आणि चार किलोंची बॅग. त्याखाली बॅगेचं निळं अस्तर. शर्ट नाही, पँट नाही, साधा रुमालसुद्धा नाही.

बाईंनी अस्तराखालीही हात घालून बघितलं.

"काका, हे नेऊन करणार काय?" मदतनीस बाईने विचारलं.

"ते नेणार नव्हतेच," बाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू येईना. "हे येणारच नव्हते."

मास्तर एक वजन परत कागदात गुंडाळायला लागले.

"अहो, बोला ना! म्हणून मला पुढे केलंत काउंटरवर? 'तू हो पुढे, मी आलोच'? माझी बॅग गेली, माझा पास हातात पडला की मागच्या मागे पळणार होतात?"

"तू एकटी गेली नसतीस."

"नसतेच गेले!"

"मग पोरीचं काय झालं असतं?" मास्तर खाली बघूनच म्हणाले. "तुझी तिथे गरज आहे. मी जावयाच्या घरात काय करू? सोफ्यावर बसून राहू? इथे निदान चार माणसं काटा घेऊन येतात."

"गाळा तर सोडलात ना?"

मास्तरांनी खिशातून गाळ्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "पुतण्याला बाहेर थांबायला सांगितलंय. मला परत न्यायला."

म्हणजे पुतण्यालाही माहीत होतं. सकाळी वाकून नमस्कार करताना त्याने वर बघितलं नव्हतं, ते बाईंना आत्ता आठवलं. ज्या माणसाने जन्मात कुणाला पाच ग्रॅमला फसवलं नाही, त्याने आपल्याला तेवीस किलोंना फसवलं. आणि तेही बरोबर मोजून! दुसऱ्या कुणी चार जुन्या चादरी कोंबल्या असत्या. यांना मात्र खोटी बॅगसुद्धा खऱ्या वजनाची लागली.

"आणि यांचे कपडे?" मदतनीस बाईने हळूच विचारलं.

बाईंनी आपली बॅग उघडली. स्वेटर, बूट, कानटोपी, घोंगडी, औषधांचा डबा, स्टूल. एकेक वस्तू काढून त्यांनी मास्तरांसमोर मांडली.

"हे तुमचे नऊ किलो," त्या म्हणाल्या.

मास्तर स्टुलाकडे बघत राहिले. त्यांचा एक पाय संध्याकाळी सुजायचा. विमानातून स्टूल न्यायचं कुणाच्या डोक्यात येईल?

मदतनीस बाईने बाईंची बॅग बंद करून चिकटपट्टी ओढली. "तुमची झाली तेवीस. यांचं सामान इथे राहिलं काय आणि त्या बॅगेत गेलं काय, तुमची अडचण मिटली. बाहेरच्या मुलाला द्यायचं ते मी देते. पण काय द्यायचं ते लवकर सांगा, काउंटर बंद होईल."

"ते यांना विचारा," बाई म्हणाल्या. "मी चालले. माझी पोर वाट बघतेय." आणि मास्तरांना म्हणाल्या, "मी विनवण्या करणार नाही. राग येईल मग येईल, आत्ता मला काही सुचत नाहीये."

काउंटरपर्यंतची वीस पावलं त्यांनी मागे न बघता टाकली. काट्यावर तेवीस आले. मुलीने पट्टी लावली आणि बॅग बेल्टवरून निघून गेली. पास हातात आला. मुलीने त्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं. बाईंनी नाही बघितलं.

मग शेजारून एक ओळखीचा हात आला आणि निळ्या अस्तराची बॅग काट्यावर ठेवून गेला. आता बाईंनी मागे बघितलं. टेबलावर ना किल्ली होती, ना स्टूल. मदतनीस बाई लोखंड खोक्यात भरत होती.

रिकामी बॅग चार, सामान नऊ. इतकी बेरीज मास्तरीणबाईंना झोपेतही येत होती. लाल आकडे लुकलुकले आणि चौदावर थांबले.

मास्तर काट्याकडे बघेनात, बाईंकडेही बघेनात.

"चौदा," मुलगी म्हणाली. "अजून बरीच जागा आहे, काका."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "तेवढं एक किलो लोखंड येऊ दे त्यांच्याबरोबर."