'धोटा' फक्त पोपटांनी ऐकला

भुलनवेलीवर पाय पडला की माणूस स्वतःच्याच गावात वाट चुकतो, हे विदर्भात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण 'भुलनवेल' नावाचा बँड नागपुरात होता, हे आता कुणालाच ठाऊक नाही. त्यांचं गाणं असं लांबायचं, की वऱ्हाडी पंगतीत जेवून, हात धुवून, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून परत यायचे, तरी ईश्वरदासची गिटार त्याच सुरावर डोलत असायची. एका लग्नात म्हणे गाण्याच्या सुरुवातीला नवरी सासरी निघाली, आणि गाणं संपलं तेव्हा दिवाळसणाला माहेरी आलेली होती.

मग कीबोर्डवाल्या धम्मानंदच्या डोक्यात किडा वळवळला. त्यानं कुठूनसं ठोके देणारं यंत्र आणलं, तांडापेठेत ईश्वरदासच्या बापाचा हातमाग चालायचा त्याचा खटखटाट टेप केला, आणि दोन्ही एकमेकांत विणून पाय थिरकावणारा अल्बम तयार केला. नाव ठेवलं 'धोटा', मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो.

"हे संगीत नाई गा, पिठाची गिरणी होय," ईश्वरदास म्हणाला आणि गिटार उचलून चालता झाला.

कॅसेट कुणी फुकटही घेतली नाही. धम्मानंदनं रागाच्या भरात स्वतःची प्रत फुटाळा तलावात भिरकावली, उरलेलं खोकं ईश्वरदासच्या दारात आपटलं आणि बुटीबोरीच्या सूतगिरणीत कामाला लागला. तिथल्या चात्यांच्या गोंगाटानं त्याचा डावा कान खाल्ला.

आता उजव्या कानामागे गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, कान वाचणार नाही. ऑपरेशन सोमवारी.

"बाबा, काय ऐकायचं ते ऐकून घ्या," असं म्हणून पोरीनं, पायलनं, मोबाइल हातात दिला. धम्मानंदला एकच गोष्ट ऐकायची होती. ज्याच्यापायी मित्र गेला, तो 'धोटा' चांगला होता की खरंच गिरणी होती? करताना त्यानं तो इतका ऐकला होता, की रांधणारीला शेवटी भाजी आळणी की खारट कळेनासं होतं, तसं त्याचं झालं होतं. त्यानं मोबाइलवर 'धोटा' शोधला. हातमागाची सरकारी योजना निघाली. सीताबर्डीत जुन्या कॅसेटवाल्यांना विचारलं. त्यातला एक अजून जिवंत होता, पण तो आता चपला विकत होता. रात्री उशीत उजवा कान दाबला जाऊ नये म्हणून धम्मानंद कूस बदलायचा, जणू उरलेलं ऐकणं तिथून सांडून जाईल.

शुक्रवारी सकाळी तो इंदोऱ्यातल्या घरून थेट तांडापेठेत गेला. मागाच्या जागी आता ईश्वरदासचं झेरॉक्सचं दुकान होतं.

"इतक्या वर्सांनी वाट चुकला काहून गा?" ईश्वरदासनं बसही म्हटलं नाही.

"ते खोकं कुठी हाय?"

"कोणतं खोकं?"

"'धोट्या'चं. तुह्या दारात आपटलं होतं ते."

ईश्वरदासनं आत बायकोकडं पाहिलं. मग खाली पाहत म्हणाला, "काटोलले गेलं. साळ्यानं नेलं, वावरात बांधाले."

"काय बांधाले?"

"फीत गा. ज्वारीवर ताणली का वाऱ्यानं गुणगुणते, उन्हात चमकते. पाखरं येत नाई."

धम्मानंद पायरीवरच बसला. "समद्या?"

"दर हंगामाले एक."

आतून रुख्माबाई बाहेर आल्या. "पाखरं येतेत, धम्माभाऊ! माहा भाऊ मनोहर सांगे, पोपट येतेत, पण दाणा खात नाई. तारेवर बसून ठोक्यावर माना हालवतेत. काटोलच्या मंडीतले लोकं संत्री टाकून पाहाले येत!"

"हसून नका राहू, वहिनी," धम्मानंद म्हणाला. "सोमवारी माहा हा कान जाते. मंग काहीच नाई. मले एकडाव ऐकाचा हाय तो. एकडाव."

झेरॉक्सची मशीन घरघरत होती. ईश्वरदासनं ती बंद केली. रुख्माबाई तोवर भावाला फोन लावून ओरडत होत्या, "मनोहर, हात नको लावू तिले! आम्ही येऊन राहिलो!" फोन ठेवून त्या म्हणाल्या, "शेवटची हाय. पोळ्याच्या मांगं बांधली त्यानं." आणि चपला घालू लागल्या.

काटोलच्या त्या वावरात ज्वारी डोक्याइतकी वाढली होती. तिच्यावरून एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत फीत ताणली होती आणि वाऱ्यानं गुंगाणत होती. मनोहररावांनी हात जोडले, "भाऊ, एका बाजूची फीत वाऱ्यानं नेली. हे येवढीच राहिली." धम्मानंदनं पुढचं ऐकलंच नाही. तो ज्वारीत घुसला आणि हाताला लागेल ती फीत ओढू लागला.

"वढू नका, धम्माभाऊ!" रुख्माबाई मागून कडाडल्या. "फीत होय ते, बैलाचा कासरा नाई!"

त्यांनी पदराआडून सासूची कांडी काढली. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांनी असल्याच कांड्यांवर सूत भरलं होतं, आणि त्यांच्या हातचं सूत कधी तुटलं असेल तर ते उंदरानंच कुरतडलेलं असणार. बांधावरून चालत, चिमटीत फीत धरून, पार टोकाच्या खांबापासून त्या भरत आल्या. कुठं सुरकुती नाही, कुठं ताण नाही. धम्मानंद त्यांच्या मागं मागं, ओंजळ धरून, देवळातल्या म्हातारीसारखा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईश्वरदासनं एका भजनाच्या कॅसेटचं पोट फाडून त्यात ती फीत बसवली आणि जुना टेपरेकॉर्डर लावला.

आधी रजईतून कुणी बोलावं तसा दबका आवाज आला. मग ठोका. पण ठोका पडेचना. तो फुगत यायचा आणि ऐन वेळी आत ओढला जायचा. धम्मानंदच्या ध्यानात आलं. सुताला ना शेंडा असतो ना बुडखा, ना पाठ ना पोट. रुख्माबाईंनी फीत सुतासारखी भरली होती, शेवटाकडून आणि पालथी. गाणं शेपटाकडून तोंडाकडं चाललं होतं.

ईश्वरदासलाही कळलं. त्याचं बोट बटणाकडं गेलं. पण यंत्रातून तपकिरी भुकटी गळत होती, आणि जिथून फीत निघून गेली होती तिथं ती काचेसारखी आरपार झाली होती. उन्हानं भाजली होती ती. थांबवून, उलटून पुन्हा भरायची म्हटलं, तर उरलेलंही झडून जाणार. धम्मानंदनं त्याचं मनगट धरलं.

मग त्यानं उजवा कान टेपला चिकटवला. डोक्यात सूर उलटे करून पाहायचा जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला. एक ओळ सापडली, दुसरी येईपर्यंत पहिली निसटली. ईश्वरदासच्या म्हाताऱ्याचा माग उलटा चालत होता. धोटा मागं मागं धावत होता, विणलेलं लुगडं धाग्याधाग्यानं उकलत होता. चांगला होता का? कळत नव्हतं. आता कधीच कळणार नव्हतं. भुकटी त्याच्या गालाला लागत होती.

रुख्माबाई हात पुसत दारात उभ्या राहिल्या. दोघांची तोंडं पाहून त्यांचा चेहरा उतरला. "असे काहून बसले गा? माहं काही चुकलं का?"

ईश्वरदासनं तोंड उघडलं.

"नाई, वहिनी," धम्मानंद म्हणाला. "असाच होता."

मग त्या खाली बसल्या आणि शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. टेप खटकन थांबला. कॅसेटमधली फीत लख्ख कोरी होती.

"बापा," रुख्माबाई डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, "लई चांगला होता गा. मामंजीचा माग कसा रडून राहिला त्याच्यात. मंग तुम्ही दोघं भांडले काहून?"

धम्मानंद सरकत सरकत त्यांच्याजवळ गेला आणि उजवा कान पुढं केला.

"वहिनी, ते आणखी एकडाव म्हणा."

"कोणतं? भांडले काहून?"

"नाई. त्याच्या आधीचं."