दूध सुकवायचा मनोरा

चौकातल्या मोठ्या पडद्यापुढे अख्खं शहर लोटलं होतं. सरकारचे प्रवक्ते चित्रावर लाल ठिपका नाचवत होते.

"बघा! आकाशातल्या आमच्या डोळ्यातून मुंगी सुटत नाही. हा मनोरा, ही पिंपं. शत्रू इथं विषारी वायू बनवतोय. वारा फिरायचा अवकाश, की तुमची लेकरं झोपेतच खलास!"

बायकांनी पोरं पोटाशी धरली. एका म्हाताऱ्याने तर पडद्याला हात जोडले.

गर्दीतला एक निवृत्त फिटर मात्र मनोऱ्याच्या बाहेरच्या जिन्याकडे बघत होता. जिना उलटा वळला होता. सरहद्द बंद व्हायच्या आधी, एकोणीस वर्षांपूर्वी, पलीकडच्या कारखान्यात कामाला असताना तो त्यानेच चुकून तसा बसवला होता. सगळा कारखाना तेव्हा त्याला हसला होता.

"ही दुधाची भुकटी करायची जागा आहे," तो शेजारच्या न्हाव्याला म्हणाला.

"सरकारपेक्षा तुम्ही शहाणे का, काका?"

"शहाणा कसला! तो जिना मी बसवलाय."

दुसऱ्या दिवशी त्या जिन्यावर उभं राहून काढलेला जुना फोटो घेऊन तो सरकारी कचेरीत गेला. कारकून म्हणाला, "अर्ज ठेवून जा." मग वर्तमानपत्राच्या संपादकाने फोटो निरखला. "खरं दिसतंय. पण लोकांना आत्ता हे नकोय." संध्याकाळी घराच्या दारावर खडूने लिहिलेलं होतं, 'देशद्रोही'. बायकोने ओल्या फडक्याने ते पुसलं आणि चहा टाकला.

मुलगी सैन्यात ट्रक चालवायची. युद्धावर निघताना तिने विचारलं, "बाबा, नक्की ना?"

"माझ्या हातचं काम आहे ते."

"मग मी कशाला चाललेय?"

त्याने तिची बॅग उचलून दारापर्यंत नेली.

युद्धाच्या पाचव्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज सपाट होता.

"मुखवटे घालून मनोऱ्यात शिरलो. आत भुकटी आहे, दगडासारखी झालेली. मुखवटा काढला, तर दुधाचा वास." मग ती म्हणाली, "माझ्या गाडीत अकरा जण होते, बाबा. चौघं उरलोय."

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

वर्षभराने चौकशी झाली, तेव्हा करामत उघडी पडली. करामत कसली, साधी लिखापढी! चित्र खरंच होतं. तज्ज्ञांना विचारलं होतं, 'इथं विष बनत असेल का?' त्यांनी लिहून दिलं, 'बनू शकतं, पण पुरावा नाही.' वरच्या साहेबाने पुरावा नसल्याचं वाक्य खोडलं. त्याच्या वरच्याने 'बनू शकतं'चं 'बनतं' केलं. प्रवक्त्यांनी त्यावर लाल ठिपका ठेवला. आकाशातल्या डोळ्याला दिसलं होतं फक्त बाहेरचं; छपराखाली काय आहे ते नाही.

मग लोक फिटरच्या घरी येऊ लागले. कुणी खाली मान घालून बसायचं, कुणी हार आणायचं. हार त्याने घेतला नाही. आनंद होत नव्हता, रागही येत नव्हता. तो एवढंच म्हणाला:

"मला शाबासकी नको. पुन्हा कुणी चित्र दाखवलं, तर विचारा, आत जाऊन कोणी पाहिलं? कधी पाहिलं? आणि नेमकं काय लिहून दिलं? विचारल्याने देश बुडत नाही. उत्तर मिळेपर्यंत पोरं घरी राहू द्या."