लाजेची लाली

आईनं ब्लीचच्या डबीतली निम्मी पावडर क्रीमवर उपडी करून कालवली, तशी ज्योत्स्नानं वाटीच ओढून घेतली.

"अगं, चिमूटभर घालतात. खोक्यावर लिहिलंय ना!"

"लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातं? परवा बघायला माणसं यायचीत. जास्त घातली की जास्त उजळेल."

धाकट्या तृप्तीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. बसमध्ये चोरून पाहिलेला देवळाली कॅम्पचा अमित आता रीतसर स्थळ म्हणून येणार होता!

"ताई, ओठावरची लव तेवढी सोनेरी कर. बाकी मी बघते."

"आधी कोपराच्या आत लावून बघायचं. उद्यापर्यंत लाल झालं नाही, तरच तोंडाला."

"तुला थेट लावलं होतं. मेलीस का?" आई म्हणाली.

ज्योत्स्ना मेली नव्हती. एकलहऱ्याच्या याच क्वार्टरमध्ये, पाहुणे दारात असताना, तिचे गाल मिरची चोळल्यासारखे पेटले होते. तोंडातून ब्र काढू नकोस, असं आईनंच बजावलं होतं. पोरीची कातडी या घरात पोह्यांच्या बशीहून स्वस्त.

पेपर वाचत बसलेला तिचा नवरा किशोर हसला.

"काही लावू नका हो. हिनं कुठं काय लावलं होतं? नुसती लाजून लालेलाल झाली होती. ती लाली बघूनच मी होकार दिला."

ज्योत्स्नानं आईकडं पाहिलं. आई भिंतीकडं बघू लागली.

"अहो, हात द्या जरा."

"कशाला?"

"द्या तर."

तिनं आईच्या वाटीतलं थोडं त्याच्या कोपराच्या आत फासलं.

"गार लागतंय की," म्हणत किशोरनं पेपर पुन्हा उघडला. पान उलटायच्या आतच तो ओरडला,

"ए, आग होतेय! आग होतेय गं!"

"लाजू नका."

"अगंबाई, जावईबापूंना भाजलं!" आई धावली. त्याला मोरीत नेऊन तिनं हातावर नळ सोडला, फुंकर घातली. "जाळा मेलं ते! माणसाचा जीव घेईल!"

तृप्ती खो खो हसत सुटली. ताईचा चेहरा दिसला तशी थांबली.

किशोर हातावरच्या लाल डागाकडं बघत होता. मग बायकोच्या गालांकडं.

"म्हणजे तेव्हा…" तो म्हणाला.

तृप्तीनं वाटी धुऊन कोरडी केली, ताजं क्रीम घेतलं, बाही वर सारली आणि चिमटीत पावडर धरली.

"ताई, एवढी बस ना?"

ज्योत्स्ना बोलायच्या आत मोरीतून आई ओरडली,

"कमी घे गं! अजून कमी!"