टच गेलाय

बाजारगल्लीत त्याला सगळे टचवाले म्हणायचे. गिऱ्हाइकाने फोन पुढे केला की हा काचेवरून अंगठा फिरवायचा आणि डॉक्टरच्या थाटात सांगायचा, "टच गेलाय. बदलावा लागेल." दिवसभर तेच एक वाक्य. म्हणून मोठ्या आजारातून उठलेल्या बायकोच्या हातून एकदा चहाचा कप निसटला आणि ती म्हणाली, "अहो, माझा टच गेलाय, बदलून मिळेल का?" तेव्हा तो खो खो हसला. ते हसणं नंतर त्याला फार दिवस बोचत राहिलं.

औषधांनी तिचा जीव राखला, पण बोटांची जाण नेली. ती जाण परत येईल का असं त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग नाही म्हणाल्या. आहे तिथेच थांबलं तरी पुष्कळ, असंही म्हणाल्या. हे दुसरं वाक्य त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. शेजारी बसलेल्या तिच्या मात्र शिरलं.

घरात मग नवी तऱ्हा सुरू झाली. गरम पातेलं उचललं की फोड दिसल्यावर तिला कळायचं, हात भाजला. बटण लावायचं तर डोळे वटारून. फोन मात्र तिच्या बोटाला झटकन ओळखायचा. फोनला तिचं बोट कळत होतं, तिला फोन कळत नव्हता. या गोष्टीचा त्याला इतका राग आला की एक चांगला फोन त्याने भिंतीवर आपटला, आणि मग दुकानात नेऊन गुपचूप दुरुस्त केला.

पण त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. फुटक्या काचांशी दिवस काढणाऱ्याच्या बोटांत काचेची बारीक कुसळं घुसतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. रोज दुकानातून आला की बायको त्याचा हात मांडीवर घ्यायची, एकेका बोटावरून स्वतःचं बोट फिरवायची, "हे बघा, सापडलं" म्हणायची आणि चिमट्याने कुसळ काढायची. लग्नापासून हे चाललेलं. दोघांचं प्रेमाचं बोलणं जे काही होतं, ते एवढंच. आता कुसळं त्याच्या बोटांतच राहत, आणि तो बोलत नसे. त्याचा हात तिला पुन्हा कळावा, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने ध्यासच घेतला. जुन्या फोनच्या पडद्यांवरच्या टचच्या पट्ट्या कापून हातमोज्याच्या बोटांवर बसवल्या. फोन थरथरवणाऱ्या इवल्या मोटरी एका पट्ट्यात शिवल्या आणि तो पट्टा तिच्या कोपराखाली बांधला, कारण तिथे तिला कळत होतं. बोट दाबलं की पट्टा गुरगुरायचा. पहिल्याच खेपेला ती म्हणाली, "कळलं हो. पण फोन आल्यासारखं वाटतंय. हॅलो म्हणू का?"

तो हिरमुसला, पण हटला नाही. हात हातासारखाच वाटला पाहिजे, म्हणून मोटरी बदलल्या, त्यांचा जोर कमी केला, पट्टा मऊ केला. दर वेळी तिला डोळे मिटायला सांगायचा, बोट दाबायचा आणि विचारायचा. ती म्हणायची, कळलं.

एका रविवारी दुपारी त्याने मोटरी स्पंजात गुंडाळल्या. आता गुरगुर ऐकू येणार नाही, नुसतं कुणी हात धरल्यासारखं वाटेल, असं त्याने तिला मोठ्या कौतुकाने समजावलं. ती टेबलाशी डोळे मिटून बसली. त्याने तिचा हात हातात घेतला आणि हळूच दाबला.

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "कळला. तुमचाच हात. अगदी पूर्वीसारखा."

 चहा टाकतो म्हणत तो स्वयंपाकघरात सटकला, कारण बायकोसमोर रडायची त्याला सवय नव्हती. डोळे पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला, तर रुमालाबरोबर बॅटरी हाती आली.

आधी बॅटरी काढायची, मग स्क्रूला हात लावायचा, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. मोटरी गुंडाळायच्या आधी त्याने सवयीने बॅटरी काढून खिशात टाकली होती आणि परत बसवायची राहून गेली होती. पट्टा मघाशी मेलेलाच होता.

बाहेर येऊन त्याने बॅटरी टेबलावर ठेवली. तिने ती पाहिली आणि मान खाली घातली.

"पट्टा बांधता तिथलंही गेलंय," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले. मी आवाजावरून सांगत होते."

"आणि आज?"

"बोट दाबलंत की तुम्ही श्वास रोखता. तो ऐकू येतो. इतक्या आशेने विचारता, नाही म्हणायला जीभ रेटत नाही."

 खाली बसून त्याने पट्टा सोडला, हातमोजा काढला. मग तिच्या कोपराच्या वर बोट टेकवलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. दंडावर टेकवलं, तिने मान हलवली. खांद्यावरही तेच. कुठवर गेलंय हे विचारायची त्याची हिंमत होत नव्हती, म्हणून बोटच वर वर सरकत राहिलं. शेवटी ते मानेशी पोचलं, कानाच्या जरा खाली, आणि ती दचकली.

"हलू नका," ती म्हणाली. "काच आहे तुमच्या बोटात."

तो ओशाळला. चटकन हात मागे घेऊ लागला, चिमटा आणतो म्हणाला.

"राहू द्या," ती म्हणाली आणि आपल्या बधिर हाताने त्याचं मनगट तिथेच दाबून धरलं. "टोचतेय. जोवर टोचतेय तोवर राहू द्या."