पाव तास पाणी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, कारण मला आज ओरडून सांगायचं नाही. ओरडणारी माणसं गोष्टीतच पुष्कळ आहेत. एका नणंद-भावजयीची गोष्ट सांगते. दोघींचा एकमेकींवर जीव होता, असं काही मी सांगणार नाही. देवासमोर खोटं कशाला बोला? त्यांचं शेवटपर्यंत पटलं नाही.

नणंद थोरली. नवरा गेल्यावर धाकट्या भावाकडे राहायला आली. नळाच्या तोट्यांना आणि दारांच्या मुठींना निकेलचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्यात ती अकरा वर्षं कामाला होती. तिची जागा पहिल्या टाकीवर. तोट्या आधी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायच्या, म्हणजे त्यांचं तेल निघतं. मग पाण्याच्या पाइपाखाली धरायच्या, मग हलक्या ॲसिडच्या टाकीतून काढून पुढे द्यायच्या. हातमोजे मिळत, पण मनगटाशी फाटलेले. त्यातून आत शिरलेलं पाणी दिवसभर आतच राही. हात म्हणाल तर आटलेल्या तळ्याच्या तळासारखे भेगाळलेले, बोटांच्या बेचक्यात लालभडक. आणि संध्याकाळी डोळे असे चुरचुरायचे की दिव्याकडे बघवत नसे.

भावजयीला मुलगी झाली, तेव्हा आत्या हौसेनं पाळण्याशी गेली.

"बाळाला हात लावू नका ताई," भावजय म्हणाली. "आधी त्या हातांचं काहीतरी बघा."

"ह्याच हातांनी तुझ्या नवऱ्याला न्हाऊमाखू घातलंय."

"तेव्हा असे नसतील."

खरंच होतं ते, म्हणून जास्त झोंबलं. त्या दिवसापासून घरात दोन चुली नव्हत्या एवढंच. बाकी सगळं दोन झालं होतं. मूल रांगत आत्याकडे निघालं की आई पाय धरून मागे ओढायची.

पुढे भावाचं काम कमी झालं आणि भावजयीवर बाहेर पडायची वेळ आली. कारखान्याच्या मुकादमाकडे शब्द टाकला तो नणंदेनंच. घरी येऊन काय म्हणाली, तर, "चला महाराणी, उद्यापासून टाकीवर. बाह्या वर सारायला शिका."

चार महिन्यांत भावजयीच्या हातांना खाज सुटली. आधी बारीक पुरळ, मग फोड, मग फोड फुटून कातडी सोलपटायला लागली. आता तुम्ही म्हणाल, तिला कळलं असेल. अहो, कसलं कळतंय! राग डोक्यात बसला की समोरचं दिसत नाही. ती थेट मुकादमाकडे गेली आणि म्हणाली, "ताईंच्या हातांचं मला लागलंय."

मुकादमाला हे फारच आवडलं. रोग घरातून आलेला असला की कारखान्याला कोण विचारणार? त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ही घरची खरूज आहे. कामाचा काय संबंध?" नणंदेचा पाण्याचा पेला वेगळा झाला, स्टूल मोरीच्या भिंतीशी गेलं. जेवणाच्या सुट्टीत बायका आपापले डबे उचलून लांब बसायला लागल्या. अकरा वर्षं जिच्या डब्यात हात घालून खाल्लं, ती आता भिंतीकडे तोंड करून जेवायची.

जेवायची तिकडे तोंड करून, पण गप्प नाही हं.

"काय गं महाराणी," ती टाकीवरून विचारायची, "माझी खरूज तुला नेमकी मनगटापर्यंतच कशी आली? मोजा फाटलाय तिथपर्यंत चढते आणि तिथेच थांबते? फारच शहाणी दिसते!"

एकदा भावजयीनं मोजा काढून आपलं मनगट निरखून पाहिलं आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून पटकन परत चढवला.

त्या कारखान्यात एक रीत होती, ती सांगायलाच हवी. कॉस्टिक लागलं की बोटं बुळबुळीत होतात, कितीही चोळा, साबण निघतच नाही असं वाटतं. मग सगळे काय करायचे, तर बोटं क्षणभर हलक्या ॲसिडात बुडवायचे. बुळबुळ गेली! ह्याला ते 'उतारा' म्हणत. नव्या माणसाला मुकादम स्वतः शिकवायचा. भेगांमध्ये आग व्हायची, पण सगळेच करतात म्हटल्यावर ते शहाणपणच ठरतं.

एका दुपारी टाकीचा जोर कमी पडला. तोट्यांवर तेल राहू लागलं. मुकादम कॉस्टिकची पिशवी घेऊन आला. आत पांढऱ्या कपच्या असतात, साखरेच्या पाकाचा पापुद्रा मोडावा तशा.

"टाकी निवू दे," नणंद म्हणाली. "गरमात कपच्या टाकल्या की ती थुंकते."

"निवायला तास जाईल. तुझ्या बापाची टाकी आहे का?"

"माझ्या बापाची असती तर मोजे धड असते."

बायका हसल्या. मुकादमाचं तोंड उतरलं. आणि तेवढ्यात भावजय पुढे आली. केवळ ताई नको म्हणतात म्हणून. "द्या इकडे, मी टाकते. ह्यांना सगळ्याचीच भीती वाटते." टाकीवर घालायच्या चष्म्यावर वाफ धरते म्हणून तिनं तो कपाळावर सारला होता. तिनं पिशवी तशीच उपडी केली.

टाकी थुंकली. गरम कॉस्टिक तिच्या दोन्ही डोळ्यांत उडालं आणि ती खाली कोसळली.

किंचाळी ऐकून बायका पुढे धावल्या आणि चार पावलांवर थबकल्या. कुणाला टाकीची भीती, कुणाला त्या सोललेल्या हातांची. हाताला धरून उठवायला एकही पुढे होईना. मुकादम मात्र धावला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, तेवढं श्रेय त्याला देऊ या. त्यानं ॲसिडच्या टाकीत मग बुडवला, भरला आणि ओरडत आला, "उतारा! डोळे उघड, एका मगात थांबेल!"

"घाला!" भावजय दोन्ही हात पुढे करून म्हणाली. "लवकर घाला हो!"

नणंद मध्ये उभी राहिली.

"सरक," मुकादम म्हणाला. "ॲसिडनं कॉस्टिक मरतं, कळतं का तुला?"

"मग स्वतःच्या डोळ्यात ओत आणि मारून दाखव."

"ताई, दुष्टावा करू नका! घालू द्या त्यांना!"

नणंदेला अक्षर वाचता येत नव्हतं. पण कॉस्टिकच्या प्रत्येक पिशवीवर एक चित्र असतं: एक डोळा, वर नळ, शेजारी घड्याळ आणि घड्याळाचा पाव भाग काळा केलेला. अकरा वर्षं रोज तिनं ते पाहिलं होतं. त्या चित्रात ॲसिडचा मग कुठेच नव्हता. तिनं मुकादमाच्या मनगटावर असा फटका मारला की सगळं ॲसिड त्याच्या विजारीवर सांडलं. भावजयीची मान तिनं बगलेत दाबली, पाइपाची धार बारीक केली आणि भेगाळलेल्या अंगठ्यानं तिची पापणी वर ओढली.

"सोडा! मेले मी!"

"मरशील, पण डोळे उघडे ठेवून मर."

"आग होते! पाण्यानं वाढतंय!"

"बुबुळ फिरव. खाली बघ. माझ्या पायाकडे बघ, नाहीतरी तिथंच जागा आहे तुझी."

"तुम्हाला बरंच वाटत असेल आता!"

"फार बरं वाटतंय. हलू नकोस, भवाने."

मागून मुकादम विजार झटकत ओरडत होता, "उद्यापासून तोंड दाखवू नकोस!" त्याच्याकडे तिनं मान वळवली नाही. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. भावजयीनं तिच्या दंडाला चावा घेतला, लाथा मारल्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. नणंदेच्या तोंडून एकीकडे शिव्या आणि एकीकडे देवाचं नाव चाललं होतं. शिवी कुठे संपते आणि नाम कुठे सुरू होतं, ते ऐकणाऱ्याला कळत नव्हतं. देवाला कळलं असणार. पाव तास भरला तरी तिनं पाइप सोडला नाही. दवाखान्याची गाडी आली तेव्हा दोघींना अलग करावं लागलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कॉस्टिक उरलंय का ते दाखवणारी कागदाची पट्टी डोळ्याला लावून बघितली आणि आणखी पाणी सोडलं. उजवा डोळा सुखरूप राहिला. डाव्यात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका उरला. "ॲसिड गेलं असतं," त्या भावाला म्हणाल्या, "तर आज तुमच्याशी मी वेगळं बोलत असते." मग त्यांनी भावजयीचे हात उलटसुलट पाहिले आणि सांगितलं, "हे कुणाचं कुणाला लागत नाही. हे त्या टाकीनं दिलंय."

आठवड्यानं मुकादम कागद घेऊन घरी आला. नणंद तेव्हा आतल्या खोलीत आपलं सामान बांधत होती. ह्या घरात आता राहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"वाचून दाखवा," डोळ्यांवर पट्टी असलेली भावजय म्हणाली.

त्यानं वाचलं. नणंदेनं भांडणात ढकललं, म्हणून भावजय टाकीवर पडली, असं त्यात होतं. "इथं अंगठा लाव. तिची नोकरी तर गेलीच आहे. तुझी राहील."

"नाही लावत."

"म्हणजे तू तिची बाजू घेणार?"

"तिची बाजू?" भावजय कडाडली. "त्या बाईचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. डोळे बांधलेत ते बरंच आहे. पण मोजा फाटका होता, टाकी गरम होती आणि ॲसिडचा मग तुमच्या हातात होता. एवढं लिहून आणा, मग दोन्ही अंगठे लावते."

आतून नणंद ओरडली, "आणि माझा पेला वेगळा कुणी करायला लावला, तेही लिही म्हणावं!"

"तेही लिहा," भावजय म्हणाली. "ते मी केलं."

मुकादम कागदाची घडी करून निघून गेला. दोघींची नोकरी गेली. नणंद त्याच संध्याकाळी भाड्याच्या खोलीत राहायला गेली. जाताना ती कुणाशी बोलली नाही, कुणी तिच्याशी बोललं नाही. आजही बोलत नाहीत. नणंदेचे हात पुरते बरे झालेच नाहीत. थंडीत अजून रक्त येतं.

आता उठायच्या आधी एक मागते. घरी जाऊन देवापुढे बसाल, तेव्हा त्या तोंडाळ बाईला आठवा. तिच्यासाठी कुणी काही मागत नाही. तुम्ही मागा.