उकंडाभाऊंची दाढ

घाटंजीच्या बाजारात दातातले किडे पाडणारे म्हणून उकंडाभाऊंचं मोठं नाव होतं. पाण्याच्या परातीत विटेवर निखारे ठेवायचे, त्यावर भुईरिंगणीचं बी टाकायचं, वर मडकं पालथं घालायचं आणि मडक्याला लावलेल्या नळीतून दुखऱ्या दाढेला धूर द्यायचा. मडकं उचललं की पाण्यात बारीक पांढरे किडे तरंगत. ही विद्या त्यांना वडिलांनी शिकवली होती. आपण कोणाला फसवतो आहोत, असं त्यांच्या मनात कधी आलंच नाही. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत तालुक्याबाहेरच्या दवाखान्याचं नाव काढायलाही माणसं धजत नसत. भाऊंपुढेच तोंड उघडून बसत.

आणि एका सकाळी खुद्द उकंडाभाऊंचाच गाल टम्म सुजला!

"मागच्याच महिन्यात धूर घेतलता म्या," ते कण्हत म्हणाले. "ठणका पार बंद झालता."

"साऱ्या बाजाराचे किडे पाडता, अन् घरचेच किडे तुमचं ऐकत नाहीत काय?" बायकोनं, इंदूबाईनं टोला हाणला. पण त्यांचं अंग तापलेलं पाहून ती तडक शेजारच्या विमलताईंना घेऊन आली. विमलताईंची उभी हयात मुलांना शिकवण्यात गेली होती.

"भाऊ, आजच यवतमाळला दातांच्या डॉक्टरकडे चला," त्या म्हणाल्या.

"नाही जमत, ताई. डॉक्टर नस काढते म्हणतात. डोळा गेला तं? अन् बाजारात तोंड कसं दाखवू? किडे पाडणाराच डॉक्टरकडे गेलता, म्हणतीन!"

विमलताईंनी वाद घातला नाही. "बरं. मग माझ्यासमोर एकदा धूर करा. फक्त नळी कोणाच्या तोंडात द्यायची नाही."

"मंग किडे कुठून पडतीन?"

"तेच तर पाहू!"

निखारे फुलले. बी तडतडलं. नळीतला धूर नुसताच हवेत गेला. भाऊंनी मडकं उचललं आणि त्यांचे डोळे विस्फारले. पाण्यात पांढरे किडे तरंगत होते!

भाऊंनी एक किडा बोटावर उचलून पाहिला. "म्हणजे माह्या बापानं लोकाइले..."

"त्यांनाही ठाऊक नव्हतं हो," विमलताई हळुवारपणे म्हणाल्या. "विस्तवावर बी फुटतं. आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. किडा नाहीच तो."

"पण लोकाइचं दुखणं थांबते, ताई! माहंही थांबलतं!"

"दाताच्या आत जिवंत नस असते. डोळ्यांना न दिसणारे जंतू दात पोखरत तिथवर पोचले, की ठणका लागतो. पुढे नस मरते आणि ठणकाही थांबतो. आपण समजतो, बरं झालं! जंतू मात्र मुळाशी पू करत राहतात. बोंड आतून सडल्यावर पानांवर फवारून उपयोग होतो का? दात उघडून आतूनच साफ करावा लागतो. त्यालाच रूट कॅनल म्हणतात. आणि त्या नसेचा नजरेशी काही संबंध नाही."

भाऊंनी गालावर हात ठेवला, परातीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि उठले. "इंदे, दुपट्टा दे माहा. निघतो."

यवतमाळला डॉक्टर मितालींनी आधी पू काढून औषधं दिली. सूज उतरल्यावर दाढ बधिर केली, बारीक सुयांनी मुळातल्या नळ्या स्वच्छ केल्या आणि त्या भरून बंद केल्या. पुढच्या खेपेला दाढेवर टोपी बसवली. डोळे शाबूत, दाढही शाबूत!

त्यानंतरच्या बाजाराला भाऊ नेहमीच्या जागी बसले. त्यांचं जुनं गिऱ्हाईक देवसिंग गाल धरून समोर आलं. भाऊंनी सर्वांदेखत धूर केला, पण नळी मोकळीच ठेवली. मडकं उचलताच पाण्यात तेच किडे दिसले आणि गर्दीत कुजबुज उठली.

"म्हणजे इतके वर्षं आमाले येडं बनवलं?" देवसिंग उखडला.

"मीच पयला येडा होतो, बापा!" भाऊंनी तोंड उघडून टोपी दाखवली. "माहं नाव गेलं तं जाऊ दे, तुही दाढ राह्यली पायजे. चाल यवतमाळले, मी येतो तुह्यासंगं!"

मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सारा बाजार टाळ्या वाजवू लागला! त्याच गजरात दोघं बसस्टँडकडे निघाले.

वाचकहो, दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला, असं मानू नका. वाडवडिलांकडून आलेली गोष्टही एकदा तपासून पाहावी. ती खोटी ठरली, तर ते चारचौघांत सांगण्यात कमीपणा नाही, उलट मोठेपणाच आहे!